जनुकीय वैविध्य : उगम, गणित आणि समाजाचे आरोग्य

एकाच आईवडिलांची दोन भावंडे हुबेहूब सारखी नसतात. सिकलसेलसारखा आजार नंदुरबार वा गडचिरोलीतील पाड्यांवर घरोघरी ठाऊक असतो, तर त्याच जिल्ह्यातील अन्य काही समाजांत त्याचा मागमूसही नसतो. युरोपात दहा लाखांत एखाद्याच व्यक्तीत आढळणारा रक्तगट मुंबईत सुमारे दहा हजारांत एकाचा असल्याचे मानले जाते. वरवर पाहता या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. पण त्यांचे उत्तर विज्ञानाच्या एकाच शाखेकडे आहे. समष्टी आनुवंशिकी हे तिचे नाव. एकट्या व्यक्तीच्या जनुकांचा नव्हे, तर संपूर्ण समूहातील जनुकांचा हिशेब मांडणारे हे शास्त्र आहे. लग्न जुळवताना करावयाच्या रक्ततपासणीपासून कपाशीवरील बोंडअळीपर्यंत अनेक प्रश्नांत या हिशेबाचा थेट उपयोग होतो.

परस्परांत प्रजनन करणाऱ्या एकाच जातीच्या जीवांच्या समूहाला समष्टी म्हणतात. एखाद्या जनुकाची एकाहून अधिक रूपे असू शकतात. अशा प्रत्येक रूपाला ॲलील अशी संज्ञा आहे. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि दुसरी वडिलांकडून. समूहातील सर्व व्यक्तींच्या सर्व प्रती एकत्र केल्या, की त्या समूहाचा जनुकसंचय तयार होतो. या संचयात कोणत्या ॲलीलचे प्रमाण किती आहे आणि ते पिढ्यानुपिढ्या कसे बदलते, हा या शास्त्राचा मूळ विषय होय.

वैविध्य येते कोठून?

सर्व जनुकीय वैविध्याचा मूळ स्रोत एकच, तो म्हणजे उत्परिवर्तन. मानवी जनुकसंचाची एक प्रत सुमारे तीन अब्ज रासायनिक अक्षरांची असते. पेशी विभागताना या मजकुराची नक्कल केली जाते. ही नक्कल कमालीची अचूक असली, तरी पूर्णतः निर्दोष नसते. कधी एका अक्षराच्या जागी दुसरे येते, कधी काही अक्षरे गळतात किंवा अधिकची घुसतात, तर कधी जनुकाचा संपूर्ण तुकडाच दोनदा लिहिला जातो. प्रत्येक नवजात बालकात आईवडिलांकडे नसलेले सुमारे साठ ते सत्तर नवे बदल आढळतात. यांतील बहुसंख्य बदल वडिलांच्या बाजूने येतात आणि पित्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षागणिक त्यांत साधारण दोनाची भर पडते, असे आइसलँडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून २०१२ साली दिसून आले.

उत्परिवर्तन म्हणजे विकृती, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. बहुतांश बदलांचा शरीरावर कोणताही परिणाम होत नाही. जपानी शास्त्रज्ञ मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या तटस्थता सिद्धांताचा गाभा हाच आहे. काही बदल अपायकारक, तर थोडे उपकारक ठरतात. एखादा बदल चांगला की वाईट, हे पुष्कळदा परिस्थितीवर अवलंबून असते. याचे उत्तम उदाहरण सिकलसेलचे आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्यातील एकाच जागी ॲडेनिनऐवजी थायमिन आले, की साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. एवढ्या एका अक्षराच्या फरकाने, प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदनांना तोंड द्यावे लागते.

वैविध्याचा दुसरा स्रोत म्हणजे पुनर्संयोजन. उत्परिवर्तनाने नवी पाने तयार होतात, तर पुनर्संयोजनाने पत्ते पिसले जातात, असे म्हणता येईल. अंडपेशी व शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या २३ जोड्यांतील प्रत्येकी एकच गुणसूत्र पुढे जाते. कोणते जाणार, हे योगायोगावर ठरते. केवळ या एका कारणाने एका व्यक्तीपासून ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारच्या प्रजननपेशी संभवतात, आणि एका दांपत्याच्या अपत्यांत संभाव्य जुळण्यांची संख्या सत्तर लाख कोटींवर जाते. शिवाय विभाजनापूर्वी जोडीतील गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. एकसारखी जुळी वगळता भावंडे एकमेकांची प्रतिकृती का नसतात, त्याचे उत्तर येथे मिळते.

तिसरा स्रोत बाहेरचा आहे. एका समूहातील व्यक्ती दुसऱ्या समूहात मिसळल्या, की त्यांच्यासोबत त्यांची जनुकेही येतात. याला जनुकप्रवाह म्हणतात.

हार्डी आणि वाईनबर्ग यांचा नियम

विसाव्या शतकाच्या आरंभी मेंडेलचे नियम नव्याने प्रकाशात आले, तेव्हा एक शंका उपस्थित झाली. प्रभावी गुणधर्म अप्रभावी गुणधर्मांवर मात करत असतील, तर कालांतराने सगळा समाज प्रभावी गुणधर्माचाच का होत नाही? आनुवंशिकीचे अभ्यासक पनेट यांनी हा प्रश्न केंब्रिजमधील आपले क्रिकेटचे सोबती, गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेवला. रामानुजन यांना इंग्लंडला बोलावून घेणारे हेच ते हार्डी. त्यांनी १९०८ मध्ये एका छोट्या पत्राद्वारे या शंकेचे निरसन केले. त्याच वर्षी, त्यांच्या काही महिने आधी, जर्मनीतील स्टुटगार्ट येथील वैद्य विल्हेल्म वाईनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला होता. म्हणून या नियमाला दोघांचेही नाव मिळाले.

नियम साधा आहे. समूह मोठा असेल, जोड्या कोणताही भेद न होता जुळत असतील, आणि उत्परिवर्तन, स्थलांतर वा निवड यांचा हस्तक्षेप नसेल, तर ॲलीलचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या तेच राहते. गुणधर्म प्रभावी आहे एवढ्यानेच तो वाढत नाही आणि अप्रभावी आहे म्हणून नाहीसा होत नाही. अप्रभावी ॲलीलचे प्रमाण ठाऊक असल्यास त्याचा वर्ग म्हणजे ग्रस्त व्यक्तींचे प्रमाण, दोन्ही ॲलीलांच्या प्रमाणांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे वाहकांचे प्रमाण, आणि उरलेले लोक या ॲलीलपासून पूर्ण मुक्त.

उदाहरणार्थ, एखाद्या हजार लोकांच्या वस्तीत सिकलसेलच्या ॲलीलचे प्रमाण दहा टक्के आहे असे समजू. सूत्रानुसार तेथे १० व्यक्ती ग्रस्त, १८० वाहक आणि ८१० मुक्त असतील. आता ॲलीलच्या प्रती मोजल्या तर ग्रस्तांकडे प्रत्येकी दोन याप्रमाणे २०, तर वाहकांकडे १८० प्रती निघतात. म्हणजेच रोगाच्या ॲलीलचा नव्वद टक्के साठा ज्यांना आजार नाही, ज्यांना बहुधा त्याची कल्पनाही नाही, अशा माणसांकडे असतो. ॲलील जितके दुर्मीळ, तितका हा दडलेला वाटा मोठा. प्रमाण एक टक्का असेल, तर ९९ टक्के प्रती वाहकांकडेच राहतात.

या गणिताला इतिहासात फार महत्त्व आले. 'सदोष' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करून समाज 'शुद्ध' करावा, असा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांत बळावला होता. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये, तर नाझी जर्मनीने १९३३ मध्ये तसे कायदे केले. या कायद्यांतील अमानुषपणा तर उघडच आहे, पण त्यांचा शास्त्रीय आधारही पोकळ होता. प्रमाण एक टक्का असलेले अप्रभावी ॲलील केवळ ग्रस्तांना अपत्यांपासून रोखून निम्म्यावर आणायचे, तर शंभर पिढ्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे लागतील.

नियम मोडतो तेव्हा

हार्डी-वाईनबर्ग नियमाच्या अटी प्रत्यक्षात कोठेही तंतोतंत पाळल्या जात नाहीत. तरीही नियम उपयुक्त आहे, कारण तो मोजपट्टीचे काम करतो. प्रत्यक्ष आकडे अपेक्षेपासून ढळले, की कोणती शक्ती कार्यरत आहे याचा शोध सुरू होतो.

पहिली शक्ती नैसर्गिक निवड. सिकलसेलचे ॲलील इतके घातक असूनही टिकले कसे, हे कोडे ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून सोडवले. ॲलीलची एकच प्रत असलेल्या वाहकांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते. परिणामी मलेरियाग्रस्त प्रदेशात वाहक अधिक जगतात आणि ॲलील टिकून राहते. थॅलेसेमियाबाबत अशाच स्वरूपाची कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली होती. या शास्त्राच्या तीन आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. मध्य व पश्चिम भारतातील ज्या आदिवासी पट्ट्यात आज हा आजार दिसतो, तो मलेरियाच्या दीर्घ वास्तव्याचाही पट्टा आहे.

निवड किती वेगाने काम करू शकते, हे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी सोसले आहे. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातील पहिल्या विषारी प्रथिनाला गुलाबी बोंडअळी प्रतिकार करू लागल्याचे गुजरातेत २०१० पर्यंत स्पष्ट झाले. नंतर दोन प्रथिनांचे वाणही निष्प्रभ होत गेले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कपाशीची मोठी हानी झाली. प्रतिकाराचे ॲलील सर्वसाधारणपणे अप्रभावी असते. शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावाव्यात, ही सूचना त्यामुळेच होती. त्या ओळींत वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतात, आणि त्यांच्या संततीत प्रतिकाराची एकच प्रत असल्याने ती बीटी झाडावर मरते. या ओळी पुष्कळ ठिकाणी लावल्याच गेल्या नाहीत आणि प्रतिकारक्षम अळ्यांचा संकर आपसांतच होत राहिला.

निवडीला मर्यादाही आहेत. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळालेली असण्याचा प्रकार भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये उघड झाले. त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. पण तो बहुधा उतारवयात, म्हणजे अपत्ये झाल्यानंतर प्रकट होत असल्याने निवडीच्या चाळणीतून निसटतो.

दुसरी शक्ती म्हणजे जनुकीय विचलन, अर्थात निव्वळ योगायोग. नाणे हजारदा उडवल्यास छाप आणि काटा जवळपास सारखे पडतात. दहादा उडवल्यास आठदा छापही पडू शकतो. लहान समूहात नेमके हेच घडते. ओडिशातील सिमिलीपाल अभयारण्यातील वाघांमध्ये काळे पट्टे एकमेकांत मिसळून अंग जवळजवळ काळे दिसण्याचा प्रकार आहे. एका जनुकातील एका अक्षराच्या बदलाने तो घडतो, असे बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. अन्य जंगलांत न आढळणारा हा रंग सिमिलीपालमधील सुमारे एकतृतीयांश वाघांत होता. काळा रंग वाघाला विशेष उपयोगी आहे, असे मानण्याचे कारण नाही. थोड्या पूर्वजांपासून वाढलेली आणि इतर वाघांपासून तुटलेली ही समष्टी असल्याने दुर्मीळ ॲलील योगायोगाने बळावले.

यावरील उपाय तिसऱ्या शक्तीत, जनुकप्रवाहात शोधण्यात आला. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी प्रकल्पातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेण्यात आल्या. झीनत तेथून निघून झारखंडमार्गे पश्चिम बंगालपर्यंत गेली आणि डिसेंबरच्या अखेरीस बांकुडा जिल्ह्यात पकडून तिला परत आणावे लागले. जंगलांना जोडणारे मार्ग तुटले, की जे काम निसर्ग सहज करतो, ते माणसाला किती कष्टाने करावे लागते, याचा प्रत्यय या घटनेने दिला. माणसांतही जनुकप्रवाहाच्या खुणा जागोजागी सापडतात. कोकणातील मराठी भाषक बेने इस्रायल समाजाच्या जनुकांत मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा असल्याचे २०१६ मधील अभ्यासात आढळले.

विवाहाची वर्तुळे

भारतीय समाजाच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाची ठरते ती जोड्या जुळण्याबाबतची अट. आपल्याकडे लग्ने योगायोगाने नव्हे, तर बहुधा जातीत, पोटजातीत, कधी नात्यातच जुळतात. हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातील भिन्न समूह मोठ्या प्रमाणावर परस्परांत मिसळले. त्यानंतर ही सरमिसळ मंदावून समूहांतर्गत विवाहांची प्रथा रूढ झाली. याचा अर्थ आजचे बंदिस्त विवाहवर्तुळ अनादी नाही. मात्र ते इतके जुने नक्कीच आहे, की त्याचे परिणाम आरोग्यावर उमटावेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले गेले. त्यांपैकी ८१ समूह मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिन्निश आणि अश्केनाझी ज्यू समाजांहूनही ठळक निघाल्या. अशा समूहांत अप्रभावी आजारांची शक्यता वाढते.

बॉम्बे रक्तगट या दृष्टीने बोलका आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत त्याचा शोध लावला. ए आणि बी हे रक्तघटक ज्या पायावर उभे राहतात, तो एच हा घटकच या व्यक्तींमध्ये तयार होत नाही. नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त ओ गटाचे भासते; पण ओ गटाचे रक्त दिल्यास जिवावर बेतू शकते. त्यांना केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. दहा हजारांत एक हे प्रमाण धरून हार्डी-वाईनबर्ग सूत्र लावले, तर ॲलीलचे प्रमाण एक टक्का आणि वाहक पन्नासांत एक येतात. पण हे उत्तर सर्व समाज एकमेकांत सर्रास मिसळतात, या गृहीतकावर उभे आहे. समजा, हे ॲलील निम्म्या लोकसंख्येत दोन टक्के आणि उरलेल्या निम्म्यात शून्य आहे. सरासरी एक टक्काच राहील. मात्र दोन्ही गटांत आपापसांतच लग्ने झाली, तर असे रक्त असणाऱ्यांची संख्या दहा हजारांत एकाऐवजी दोन होईल. ॲलीलच्या प्रमाणात कसलाही बदल न होता, केवळ विवाहाच्या सीमारेषेने ही संख्या दुप्पट झाली.

नात्यातील विवाहात हा परिणाम अधिक तीव्र होतो. महाराष्ट्राच्या अनेक भागांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा दांपत्याच्या अपत्यात जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळात एक असते. एक टक्का प्रमाणाच्या अप्रभावी ॲलीलसाठी धोका दहा हजारांत एकावरून सुमारे चौदाशेत एक, म्हणजे सातपट होतो. असे प्रत्येक लग्न आजाराकडे नेते असे नाही. बहुसंख्य अपत्ये निरोगीच असतात. परंतु घरात आधी एखादे बालक दगावले असेल किंवा असाध्य आजाराने ग्रासले असेल, तर हा हिशेब दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही.

तपासणी आणि तिचा अर्थ

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट त्या वेळी ठरवण्यात आले. वरील गणित पाहता या निर्मूलनाचा अर्थ ॲलील नाहीसे करणे असा घेता येणार नाही. ते वाहकांकडे पिढ्यान् पिढ्या राहणारच आहे. ग्रस्त बालकांचे जन्म टाळणे आणि जन्मलेल्यांना वेळेवर उपचार देणे, एवढेच साध्य असू शकते आणि तेही थोडे नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य ग्रस्त असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची दोनात एक आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक असते. दोघांपैकी एकच वाहक असेल, तर ग्रस्त अपत्य जन्मत नाही. सायप्रसमध्ये १९७० च्या दशकापासून राबवलेल्या तपासणी व समुपदेशनाच्या कार्यक्रमाने थॅलेसेमियाग्रस्त बालकांचे जन्म जवळपास थांबवले आणि तेही वाहकांची संख्या कमी न करता.

मात्र तपासणीचा अहवाल हा शिक्का ठरू नये, याची काळजी घेणे अगत्याचे आहे. वाहक मुलीचे लग्न मोडणे किंवा एखाद्या समाजाला रोगाचे नाव चिकटवणे, हे या शास्त्राच्या मूळ निष्कर्षालाच छेद देणारे आहे. कोणत्याही दोन माणसांच्या जनुकमजकुरात साधारण हजार अक्षरांमागे एकाचाच फरक असतो. मानवी वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच समूहातील व्यक्ती-व्यक्तींमध्ये असतो, हे रिचर्ड ल्युऑन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले आणि नंतरच्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. शिवाय अप्रभावी आजाराच्या एखाद्या ना एखाद्या ॲलीलचे वाहक बहुतेक सर्वच जण असतात. फरक एवढाच, की काहींची तपासणी झालेली असते आणि काहींची नसते. लग्नाआधी पत्रिका जुळवणाऱ्या समाजाने रक्ताची एक साधी तपासणीही सहजपणे करून घेतली आणि तिचा निकाल दोन्ही घरांनी समजुतीने स्वीकारला, तर शतकापूर्वी एका गणितज्ञाने आणि एका वैद्याने मांडलेल्या सूत्राचे चीज होईल.